कानंदच्या अलीकडे चार मैल

१

साहेबराव ओव्हाळचं विमान तोरण्याच्या खांद्यावर आपटलं, तेव्हा त्यात काय काय सापडलं याची यादी पोलिसांनी मोठी नीट केली होती. मनगटी घड्याळ सापडलं, तेही चालू. जेवणाचा डबा सापडला. डाव्या पायाचा बूट सापडला. वैमानिक मांडीला पट्ट्याने बांधतात ती लाकडी फळी सापडली. तिच्या चिमट्यात नकाशाचा बोटभर फाटका कोपरा अडकलेला होता. बाकीचा नकाशा मात्र कुठेच नव्हता.

"मांडीवरचा नकाशा जातो कुठे?" श्रीपाद आठल्ये यादी खाली ठेवत म्हणाले आणि उठून येरझाऱ्या घालू लागले. भोरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात येरझाऱ्या घालायला जागा होती ती सहा पावलांची, पण त्यांनी ती सकाळपासून झिजवत आणली होती.

समोर अक्काबाई ओव्हाळ बसल्या होत्या, साहेबरावाच्या आई. भोंगवलीहून पहिल्या एस्टीने आल्या होत्या. श्रीपादरावांच्या पत्नी नलूबाईंनी पुढे ठेवलेला चहा निवून त्यावर साय धरली होती आणि अक्काबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं.

"मास्तर, ह्यो दुसरा कागद वाचा," त्या म्हणाल्या.

दुसरा कागद विमान कंपनीचा होता, चौकशीच्या प्राथमिक अहवालाची नक्कल. श्रीपादरावांनी तो मोठ्याने वाचला. 'वैमानिकाने कानंद हे इंटरसेक्शन येण्यापूर्वीच, चार मैल अलीकडे, उंची सोडली. नकाशावाचनातील हलगर्जीपणा.' शुक्रवारी चौकशी अधिकारी भोरच्या डाकबंगल्यावर येणार आणि या ओळीवर शिक्कामोर्तब होणार होतं. आज मंगळवार होता.

"म्हंजी माझ्या लेकाला नकाशा वाचाया येत न्हवता, आसंच ना?" अक्काबाईंचा आवाज चढला नाही, पण हातातल्या पदराला त्यांनी पीळ घातला. "ज्यांनी हार घातलं हुतं तीच माणसं आता म्हनत्यात, जिमिनीवरच्यानं आभाळात कशाला जावं. तुमीच त्येला शिकिवलं. तुमीच पास केलं. मंग तुमीच सांगा, येत हुता का न्हवता?"

"माझ्या चौदा वर्षांत त्याच्याइतका चोख नकाशा कुणी वाचला नाही, अक्काबाई." हे त्यांनी ताबडतोब सांगितलं आणि ते खरंही होतं.

श्रीपादरावांचं तरुणपण हवाई दलात विमानाच्या पोटात बसून नकाशे वाचण्यात गेलं होतं. पुढे चौदा वर्षं पुण्यात ते होतकरू वैमानिकांना तेच शिकवत होते. आकाशात मैलाचे दगड नसतात. म्हणून पुण्याच्या रेडिओ केंद्रातून एका दिशेने रेघ ओढायची, मुंबईच्या केंद्रातून दुसऱ्या दिशेने. त्या जिथे एकमेकींना छेदतात ते इंटरसेक्शन. नकाशावर तिथे एक छोटा त्रिकोण असतो आणि त्याला एक नाव असतं. "आकाशातलं गाव म्हणा ना," ते पोरांना सांगत. "राहायला कुणी नाही, पण वेशीवर वर्दी दिल्याशिवाय पुढे जायचं नाही." वेल्ह्याच्या डोंगरांवरचं असं गाव म्हणजे कानंद. कोकणातून पुण्याला येताना कानंदपर्यंत साडेपाच हजार फुटांच्या खाली यायचं नाही, कानंद ओलांडलं की उतरायची मुभा. धड्यातलं उदाहरण म्हणून चौदा वर्षं त्यांनी कानंदच घेतलं होतं. पुण्याहून दोनशे चोवीस अंश, मुंबईहून एकशे एकोणचाळीस. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

त्यांच्या विद्यार्थ्यांची एक खूणही होती. विमानातल्या रेडिओ-यंत्राचे दोन्ही काटे आपापल्या आकड्यावर स्थिर झाल्याशिवाय त्रिकोणाला पेन्सिल लावायची नाही. झाले की मोकळा त्रिकोण भरायचा, बाजूला वेळ टाकायची, मगच वर्दी द्यायची. साहेबरावाने त्रिकोण भरला होता की नव्हता, हे तो नकाशा सांगणार होता. आणि तोच नाहीसा झाला होता.

"शुक्रवारच्या आत नकाशा शोधतो," श्रीपादराव म्हणाले.

"अहो, गुडघे बघा आधी स्वतःचे," आतून नलूबाई म्हणाल्या. "तोरण्यावर चढणार आहात का या वयात?"

ते चढणारच होते. पण त्याआधी त्यांनी सवयीने भोर-वेल्ह्याचा नकाशा टेबलावर पसरला, पासलीच्या वर विमान पडल्याची जागा टिपली, कोनमापक लावला, कानंदच्या दोन रेघा ओढल्या आणि पेन्सिल तशीच हातात धरून बसून राहिले. अहवाल म्हणत होता, विमान कानंदच्या चार मैल अलीकडे पडलं. त्यांची पेन्सिल म्हणत होती, पाच मैल पलीकडे.

२

जागेची खात्री केल्याशिवाय कुणाला खोटं ठरवायचं नाही, एवढी शिस्त त्यांच्यात होती. बुधवारी ते वेल्ह्यापर्यंत एस्टीने गेले आणि पुढे पायी पासलीला. खाचरांत भात पोटरीला आला होता. डोंगर अर्ध्यापासून वर ढगात होता, अपघाताच्या दिवशीही असाच होता म्हणे.

विमानाजवळ पहिल्यांदा पोचलेला माणूस म्हणजे पासलीचा गेनबा. साठीचा, काटक, डोक्यावर इरलं. त्याने श्रीपादरावांना हाताला धरून वर नेलं. काळवंडलेला कातळ दाखवला आणि लांब उभा राहिला. श्रीपादरावांनी होकायंत्र लावून समोरचं शिखर आणि खालचं गाव यांच्या दिशा घेतल्या, नकाशावर रेघा मारल्या. जागा बिनचूक होती. म्हणजे कानंद ओलांडून पाच मैल. साहेबरावाने वेशीवर वर्दी दिली होती, वेस ओलांडली होती आणि मगच तो उतरला होता.

त्यांना इतका आनंद झाला की त्या जागेचीच त्यांना लाज वाटली. आणि आनंद फार वेळ टिकलाही नाही. कानंद ओलांडल्यावर उतरणं सुरक्षित, असं सरकारचा नकाशा सांगतो. मग तिथे डोंगर कसा आडवा आला?

"गेनबा, तुम्ही आलात तेव्हा इथे एखादा मोठा कागद होता का? घड्या घातलेला?"

"व्हता की. त्या पोराच्या मांडीवर व्हता. म्या हात न्हाई लावला. मेलेल्या मानसाचं कशाला घ्या?" गेनबा म्हणाला. "म्या खाली पाटलाला सांगाया ग्येलो. परत आलो तवर कंपनीची दोन माणसं आल्याली. दोघांच्या अंगावर एकसारकं रेनकोट, डोक्यावर टोप्या. एक हितं वाकला व्हता, दुसरा तकडं शेपटापाशी. वाकल्याला त्यानं कागद वडून काडला."

"कुठला तो? जाडा की बारीक?"

"धुकं लई व्हतं, सायेब. रेनकोटात समदी जाडीच दिसत्यात."

श्रीपादरावांना ती दोन माणसं कोण ते ठाऊक होतं. एक कंपनीचा व्यवस्थापक मानसिंग जगदाळे. दुसरा आनंद लिमये, कंपनीचा वैमानिक, साहेबरावाच्याच तुकडीतला, श्रीपादरावांचाच विद्यार्थी. दोघांनीही पोलिसांना लिहून दिलं होतं की नकाशा दिसला नाही. म्हणजे दोघांतला एक खोटं बोलत होता.

"कागद काढून केलं काय त्याने?"

"उघडला. बगितला. लई येळ बगितला. आन मंग कपाळाला लावला, घडी घातली न् कोटात सारला."

"चुकून पाय लागला असेल कागदाला."

"पाय कुटला?" गेनबा जरा चिडून म्हणाला. "सांगतुया न्हवं? आदी वाचला, आन मंग कपाळाला लावला. पाय लागला म्हंजी मानूस आदी कपाळाला लावतंय."

एवढं ठणकावून सांगितलेलं असूनही श्रीपादरावांनी ते मनावर घेतलं नाही. मेलेल्याला केलेला नमस्कार असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांच्या डोक्यात मानसिंग भरला होता. कंपनीने जुना, चुकीचा नकाशा दिला असणार आणि मानसिंगने तो लपवला असणार, हे त्यांना उतरता उतरता इतकं पटलं की पावलं आपोआप भराभर पडू लागली.

खाली रस्त्यावर गेनबाही एस्टीसाठी थांबला. बहिणीला भेटायला निघाला होता.

"कुठल्या गावी दिलीय बहीण?"

"कोंडवळी."

"कोंडवळी तर या डोंगरामागेच ना? तिथे एस्टीने कशाला?"

"ती जुनी. ती धरनात ग्येली न्हवं का. आता कोंडवळी तकडं दौंडाकडं. नाव त्येच, देव त्येच, मानसं तीच. जागा तेवडी दुसरी." गेनबाने तंबाखू मळली. "आजून पाव्हनं चुकत्यात. ठावं आसल्यालं गाव म्हनून कुनाला इचारतच न्हाईत. जुन्या वाटंनं येत्यात आन पान्याकडं बगत बसत्यात."

श्रीपादराव हसले. पुढे एस्टी आली, खिडकीजवळ जागा मिळाली, वेल्हे मागे पडलं. आणि मार्गासनीच्या वळणावर ते एकदम ताठ बसले. अलीकडे चार आणि पलीकडे पाच. दोन्ही मापं खरी असू शकत होती. त्यासाठी एवढंच व्हायला हवं होतं की कुणीतरी कानंद उचलून नऊ मैल पुढे नेऊन ठेवावं.

३

गुरुवारी सकाळी डाकबंगल्याच्या व्हरांड्यात मानसिंग जगदाळे दाढी करत बसले होते. माणूस ऐसपैस, आवाज त्याहून ऐसपैस.

"या, या, आठल्ये सर! शिष्याची वकिली करायला आलात वाटतं?"

"कंपनीने साहेबरावाला कुठला नकाशा दिला होता ते बघायला आलोय. जुना असणार तो."

मानसिंगनी अर्धी दाढी तशीच ठेवली, आत जाऊन एक कातडी पिशवी आणली आणि टेबलावर आदळली. तिच्यावर तोरण्याचा चिखल अजून वाळलेला होता. "ही त्याचीच बॅग. पोलिसांनी पंचनामा करून मला परत दिली. उघडा."

आत नकाशा होता. जुलैची नवी आवृत्ती, कंपनीचा शिक्का, पोच म्हणून साहेबरावाची सही. आणि छापखान्यातून आलेल्या घड्या जशाच्या तशा. कागदाला अजून नव्या शाईचा वास येत होता. हा नकाशा एकदाही उलगडलेला नव्हता.

"आम्ही वेळेवर दिला होता," मानसिंग म्हणाले, "आणि तुमच्या हुशार पोराने तो उघडलासुद्धा नाही. आता हलगर्जीपणा म्हणू नको, तर काय म्हणू?"

श्रीपादरावांनी नकाशा उलगडला. घड्या करकरल्या. बोट कोकणातून निघालं, दोनशे चोवीसच्या रेघेवरून डोंगर चढलं, ओळखीच्या जागी पोचलं आणि तिथे काहीही नव्हतं. कोरी रेघ. त्रिकोण पुढे होता, पुण्याच्या बाजूला, नऊ मैलांवर. खाली नाव, 'कानंद'. मुंबईहून येणाऱ्या बाणावर आकडा, एकशे एकतीस.

"कधी हलवलं हे?" त्यांनी विचारलं.

"जूनच्या दुरुस्तीपत्रकात. जुन्या जागेवरून उतरायची मुभा फक्त पाच हजारापर्यंत होती. सरकारी खात्याला ती साडेतीन हजारावर आणायची होती. मग डोंगर मागे पडायला नको? म्हणून त्रिकोण पुढे नेला. सगळ्यांना पत्रकं गेली. तुम्हाला नाही माहीत? तुम्ही तर या कानंदचे पाटील!"

नमस्कारसुद्धा न करता श्रीपादराव पायऱ्या उतरले.

एस्टी स्टँडच्या दिशेने ते नुसते चालत सुटले. त्यांच्या डोक्यात एकामागून एक गोष्ट आपापल्या जागी बसत होती आणि ती बसू नये असं त्यांना वाटत होतं. नियंत्रण कक्ष म्हणाला असणार, कानंद ओलांडल्यावर साडेतीन हजारावर या. साहेबरावाने वर्दी दिली, कानंद ओलांडलं. त्याचं कानंद जुनं, त्यांचं नवं. दोघांच्याही लक्षात येण्याचं कारण नव्हतं, नाव एकच होतं. मग अडीच मिनिटांत डोंगर.

कंपनीचा नकाशा पिशवीत होता. म्हणजे मांडीवर दुसरा होता, साहेबरावाचा स्वतःचा. तो मानसिंगच्या हाती लागला असता तर? लपवायचं दूरच, त्याने तो गावभर नाचवला असता. बघा, आमचा नकाशा सोडून पोराने हा वापरला! मानसिंगचं त्यात काही जात नव्हतं. म्हणजे नेणारा आनंद होता.

पण आनंदाचं तरी काय जात होतं? साहेबरावाचा जिवलग मित्र तो. मित्राचं नाव ज्याने धुऊन निघेल तो कागद त्याने का दडवावा? दुसऱ्या कुणाला तरी वाचवण्यासाठीच. वाचून झाल्यावर त्याने कागद कपाळाला लावला होता. असा कुणाचा कागद होता तो, की ज्याला अपराध दिसल्यावरही आनंद लिमये नमस्कार करील?

एस्टी स्टँडसमोर भर रस्त्यात श्रीपादराव थांबले. मागून आलेल्या बैलगाडीवाल्याने शिवी हासडली ती त्यांना ऐकू आली नाही.

४

घरी आनंद बसला होता. नलूबाईंनी त्याला पोहे दिले होते आणि तो ते बशीत नुसते फिरवत होता.

"नकाशा दे," श्रीपादराव चपला न काढताच म्हणाले.

आनंदाने एकदा नलूबाईंकडे पाहिलं. मग सदऱ्याच्या आतून घडी काढली आणि पुढे केली.

एक कोपरा फाटलेला. कडेला वाळलेलं रक्त. बाकी सगळा ओळखीचा, कारण तो त्यांचाच होता. साहेबराव पास झाला त्या दिवशी त्यांनी आपला स्वतःचा नकाशा त्याला बक्षीस दिला होता. वर म्हणाले होते, "कंपन्यांचे नकाशे छापखान्यात बसलेल्या माणसाने केलेले असतात. हा विमानात बसलेल्याने केलाय. हाच वापर. दुरुस्त्या आल्या की घेऊन ये, मी करून देईन." आणि साहेबराव दर सुट्टीला भोंगवलीला जाण्याआधी भोरला उतरायचा, नकाशा आणि पत्रकं सरांपुढे ठेवायचा आणि नलूबाईंच्या हातचं जेवून जायचा.

कानंदच्या त्रिकोणात पेन्सिल नीट भरलेली होती, एक रेघ बाहेर नाही. बाजूला वेळ होती, नऊ सतरा. मुंबईच्या बाणावर आकडा, एकशे एकोणचाळीस. दोन्ही काटे जुळल्याशिवाय त्याने पेन्सिल लावलेली नव्हती. त्रिकोणापुढे उंचीचा जुना आकडा, पाच हजार, लाल शाईने खोडलेला होता आणि वर साडेतीन हजार लिहिलेलं होतं, श्रीपादरावांच्या अक्षरात. खाली जूनची तारीख आणि शब्द, 'तपासला. श्री. आठल्ये.'

त्यांना ती दुपार आठवली. पत्रकात कानंदबद्दल दोन कलमं होती. पहिल्याची सुरुवात होती, 'कानंद: स्थान'. ते वाचून ते हसले होते. कानंदचं स्थान हे मला सांगणार! आणि ते कलम सोडून त्यांनी दुसरं वाचलं होतं, उंचीचं. साहेबराव शेजारीच बसला होता. पत्रक त्यानेही वाचलेलं असणार. पण सरांनी तपासलं म्हटल्यावर परत बघणं त्याला उद्धटपणाचं वाटलं असेल.

"मीच मारला त्याला," श्रीपादराव म्हणाले.

"सर, असं म्हणू नका!" आनंद उभा राहिला. "चूक कुणाचीही होते. तिथे तुमची सही बघितली आणि मला काही सुचेना. मी जे आहे ते तुमच्यामुळे. तुमचं नाव असं कागदोपत्री... माझ्याच्याने बघवलं नसतं. साहेबराव गेला, सर. त्याला आता कुणी काही करू शकत नाही."

"म्हणून त्याच्या नावाचं काहीही झालं तरी चालेल?"

आनंद खाली बघत पुटपुटला, "लोक तसंही त्याच्याबद्दल बोलणारच होते, सर. विश्वास कुणाचा होता? तुमच्याबद्दल मात्र कुणी—"

"म्हणजे तो ओव्हाळ म्हणून त्याची चूक लोकांना लगेच पटते आणि मी आठल्ये म्हणून माझी पटणार नाही. हेच ना?"

आनंदाचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या मनात ते याच शब्दांत आलं नसेलही. पण आलं होतं.

तो निघून गेल्यावर नकाशा टेबलावर पडून राहिला. स्वयंपाकघरात स्टो फरफरत होता. श्रीपादराव सहा पावलं इकडे आणि सहा पावलं तिकडे चालत होते. आणि इथे सांगायलाच हवं की त्या सहा पावलांत स्टोपर्यंतचं अंतर त्यांनी मोजलं होतं. कागद जाळायला किती वेळ लागतो? चौदा वर्षांची पुण्याई वाचत होती. शंभरावर वैमानिक देशभर त्यांचं नाव घेत होते. आनंद बोलणार नव्हता, गेनबाला चेहरा दिसला नव्हता. हे सगळं त्यांनी दोनदा पडताळून पाहिलं, इंटरसेक्शनचे काटे जुळवावेत तसं. स्वतःची त्यांना शिसारी आली, तरी पावलं थांबेनात.

नलूबाईंनी येऊन स्टो बंद केला. "उद्या धोतर नेसणार की पॅन्ट?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यांचे डोळे सुजलेले होते.

५

शुक्रवारी डाकबंगल्याच्या मोठ्या खोलीत चौकशी अधिकारी, मानसिंग, आनंद आणि दाराशी जमिनीवर बसलेल्या अक्काबाई एवढीच माणसं होती. श्रीपादरावांनी आधी खुर्ची मागवली, अक्काबाईंना तिच्यावर बसवलं आणि मग नकाशा अधिकाऱ्यापुढे ठेवला.

त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. दोन कानंद, नऊ मैल, दोन कलमं, एक सही. नकाशा कुठून आला असं विचारल्यावर आनंद स्वतःच उठला आणि म्हणाला, मी काढला होता, माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. मानसिंगनी तोंडावर हात ठेवला.

अधिकारी बारकाईने काम करणारा होता. "पण आठल्ये, वैमानिकाचा दोष उरतोच. अधिकृत नकाशा असताना त्याने खाजगी नकाशा का वापरला?"

हाच तो प्रश्न होता ज्याचं उत्तर देताना माणसाला थोडीशी सूट घेता आली असती. आपण सल्ला दिला होता, सक्ती नव्हती, असं म्हणता आलं असतं.

"कारण मी त्याला तसं बजावलं होतं," श्रीपादराव म्हणाले. "माझा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. त्रिकोण बघा साहेब. शिकवलं होतं तसंच केलंय त्याने, शेवटपर्यंत. लिहायचंच असेल तर असं लिहा, की वैमानिकाने नकाशा बरोबर वाचला. नकाशा चूक होता, आणि तो मी केला होता."

अधिकाऱ्याने हलगर्जीपणाच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि नवी ओळ लिहायला घेतली.

बाहेर आल्यावर अक्काबाई पायरीवर थांबल्या. आतलं इंग्रजी-मराठी त्यांना किती कळलं होतं कोण जाणे. श्रीपादरावांनी पुन्हा एकदा साध्या शब्दांत सांगितलं. जूनमधली दुपारही सांगितली, हसल्याचंही सांगितलं.

"म्हंजी त्येला वाचता येत हुतं," शेवटी त्या म्हणाल्या.

"येत होतं."

"आन तुमास्नी येत आसून तुमी वाचलं न्हाई."

"नाही वाचलं."

अक्काबाईंनी तोंडाला पदर लावला. आठ दिवस त्यांनी आवरून धरलेलं रडू तिथे भर दुपारी, डाकबंगल्याच्या पायरीवर बाहेर आलं. श्रीपादराव शेजारी हात लोंबकळत ठेवून उभे राहिले. त्यांना सांत्वनाचा अधिकार नव्हता आणि ते त्यांना कळत होतं.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "हे तुमी हितं बोलला, दार लावून. माझ्या गावानं ऐकलं न्हाई. आमच्या चावडीवर येऊन बोला. ज्यांनी त्येला नावं ठिवली, त्यांच्या म्होरं."

"कधी येऊ?"

"कधी म्हंजी? आत्ता."

भोंगवलीची एस्टी खच्चून भरली होती. अक्काबाईंना मागच्या बाकावर जागा मिळाली. श्रीपादराव दांडीला धरून उभे राहिले. बसावं असं त्यांना वाटत नव्हतं, खरं तर कुठेच असावं असं वाटत नव्हतं. गाडी सुटली, पहिल्याच खड्ड्याला त्यांचा तोल गेला आणि गुडघा बाकावर आपटला.

अक्काबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मांडीवरची पिशवी खाली पायाशी ठेवली आणि खिडकीकडे सरकून वीतभर जागा केली.

"म्या तुमास्नी माफ केल्यालं न्हाई, मास्तर," त्या म्हणाल्या. "पर बसा हितं. रस्ता लई खराब हाय."